स्थानसंबंध चाचणी

नकाशावरच्या दोन आकृत्या एकमेकींना छेदतात, टेकतात, एक दुसरीत सामावते की त्या अगदी विभक्त आहेत, हे भौगोलिक माहिती प्रणालीत संगणकाकडून तपासून घेण्याची पद्धत. विहीर बिंदू, नाला रेषा आणि शेत बहुभुज मानले, की नाला कोणकोणत्या गटांतून जातो हे पटवाऱ्याला नकाशावरूनच काढता येते. क्यूजीआयएस व पोस्टजीआयएस ही दोन्ही मुक्त साधने यासाठी जीईओएस हाच तयार आज्ञावलींचा संच (लायब्ररी) वापरतात.

प्रत्येक आकृतीचे अंतर्भाग, सीमा आणि बहिर्भाग असे तीन भाग धरतात. दोन आकृत्यांच्या भागांच्या नऊ जोड्या होतात. ही मांडणी मॅक्स एगेनहोफर यांची. छेद रिकामा आहे, की बिंदू (०), रेषा (१) वा क्षेत्र (२) आहे, हा मितीचा विचार १९९३ मध्ये क्लेमेंतिनी, दि फेलिचे व व्हान ओस्टेरोम यांनी जोडला.

खरी कसोटी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर लागते. विदर्भात दोन शेतांच्या सामाईक धुऱ्यावर विहीर असली आणि ‘समाविष्ट’ ही चाचणी लावली, तर ती विहीर कोणत्याच शेतात सापडत नाही, कारण ही चाचणी बिंदू अंतर्भागातच मागते. ‘आच्छादित’ लावली तर ती दोन्ही शेतांत येते. सामाईक विहिरींच्या यादीसाठी दुसरीच योग्य. ‘टेकणे’ही असेच फसवे आहे: अख्खा धुरा सामाईक असलेला शेजारी आणि फक्त कोपऱ्याला कोपरा लागलेला शेजारी, दोघेही त्यात येतात. सीमांच्या छेदाची मिती १ मागितली, तरच धुऱ्याचे शेजारी वेगळे निघतात.

जुने नकाशे गिरवताना एकच धुरा दोन गटांत किंचित वेगळा उमटतो. मग टेकणारी शेते एकमेकांवर चढलेली दिसतात. आधी शिरोबिंदू जुळवून घ्यावेत. सगळी शेते सरसकट आत ओढणे वाईट, कारण त्यात खरे अतिक्रमणही झाकले जाते.

विदर्भात आणखी एक अडचण आहे. ७८° पूर्व रेखावृत्त यवतमाळ जिल्ह्यातून जाते. त्याच्या पश्चिमेला यूटीएम या जागतिक नकाशा-प्रक्षेपणाचा ४३वा पट्टा, पूर्वेला ४४वा. नकाशाच्या दोन स्तरांवर (थरांवर) नोंदलेले प्रक्षेपणाचे क्रमांक वेगळे असले तर पोस्टजीआयएस चूक दाखवून थांबते. पण ४३ च्या स्तरावर ४४ लिहिले गेले, तर उमरखेडचे शेत सहा अंश पूर्वेला, ओडिशात पडते आणि प्रत्येक चाचणी ‘विभक्त’ असेच उत्तर देते.