लोअरिंग आणि चॅनलिंग: हॉट रॉड ‘खाली घेतली’ म्हणजे नेमके काय केले?

घरच्या गॅरेजमध्ये, महिन्याला जमतील तसे पैसे घालून आणि रविवारी मिळेल तेवढा वेळ देऊन जुन्या फोर्डची हॉट रॉड, म्हणजे कापून-जोडून आपल्या आवडीची वेगवान गाडी, उभी करणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: ‘गाडी चार इंच खाली घेतली आहे.’ या वाक्यातून काहीही कळत नाही. चार इंच काय खाली आले आणि कशाच्या तुलनेत आले, असे विचारले तर अनेकांना तो प्रश्नच अनाठायी वाटतो. फ्रेम, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, रस्त्याच्या जवळ आणणे म्हणजे लोअरिंग, आणि फ्रेम आहे तिथेच ठेवून बॉडी तिच्या दोन्ही अंगांनी खाली उतरवणे म्हणजे चॅनलिंग. या दोन कामांचा खर्च वेगळा आहे, अवजारे वेगळी आहेत, आणि एकेक भाग जमवत गाडी बांधणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांची वेळ वेगळी आहे.

लोअरिंगविषयी फार सांगण्याची गरज नाही. आखूड स्प्रिंग बसवून गाडी खाली बसवणे आपल्याकडेही सर्वांना परिचित आहे. मॉडेल टी पासून १९४८ पर्यंतच्या फोर्ड गाड्यांना पुढे आणि मागे सलग ॲक्सल आणि प्रत्येकावर एकावर एक पाटे रचलेली एकच आडवी स्प्रिंग असे. त्यातील काही पाटे कमी करता येतात, मुख्य पाट्याच्या टोकांची वळलेली कडी, म्हणजे ‘डोळे’, उलट्या बाजूला वळवून घेता येतात, किंवा पुढच्या बाजूला टोके वर उचललेला ‘ड्रॉप्ड ॲक्सल’ घालता येतो. असा ॲक्सल घातल्यावर स्टिअरिंगचे आर्मही वाकवून खाली घ्यावे लागतात, नाही तर पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड ॲक्सलला जागेवर धरणाऱ्या ‘विशबोन’ दांड्याला अडतो. टायर बसले तर रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग रस्त्याच्या अधिक जवळ असता कामा नये, एवढे पथ्य पाळले की विषय संपला. आवडले नाही तर जुनी स्प्रिंग आणि जुना ॲक्सल परत बसवता येतो.

चॅनलिंगमध्ये ‘परत’ हा शब्द जवळजवळ नाही. मूळ गाडीत बॉडी फ्रेमच्या माथ्यावर, तिच्यावर ठेवलेल्या पेटीसारखी बसते. चॅनलिंग करताना बॉडीचा तळपत्रा कडेने कापून सुटा केला जातो, बॉडी फ्रेमच्या बाहेरून खाली घेतली जाते, आणि तोच किंवा नवा तळपत्रा बॉडीच्या आत तेवढाच वर वेल्ड केला जातो.

केवळ समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. फ्रेमची खालची कड रस्त्यापासून ६ इंचांवर आहे आणि फ्रेम ४ इंच उंचीची आहे, म्हणजे बॉडीची खालची कड १० इंचांवर येते. आता ४ इंच लोअरिंग केले तर फ्रेम २ इंचांवर आणि बॉडी ६ इंचांवर येईल. त्याऐवजी ४ इंच चॅनलिंग केले तर फ्रेम ६ इंचांवरच राहील आणि बॉडीही ६ इंचांवर येईल. वीस पावलांवरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्यांच्या दाराची खालची कड सारखीच खाली दिसेल, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात पहिली गाडी साध्या गतिरोधकावर अडकेल आणि दुसरी मूळ गाडीइतक्याच निवांतपणे तो ओलांडेल.

मात्र दुसऱ्या गाडीने या सोयीची किंमत आतून वसूल केलेली असते. तळपत्रा फ्रेमवरच टेकलेला असल्यामुळे तो होता तिथेच, १० इंचांवर राहिला. बॉडी आणि छप्पर मात्र ४ इंच खाली आले. म्हणजे आतली उंची ४ इंचांनी घटली. त्यातच कोणी छप्पर चॉप केलेले असेल, म्हणजे खिडक्यांमधल्या खांबांचे तुकडे काढून टप खाली आणला असेल, आणि तो ३ इंचांनी, तर डोक्यावरची एकूण ७ इंच जागा गेली. (चॉप आणि चॅनल यांचीही गल्लत होते, पण ती क्षम्य नाही: खिडकी बुटकी दिसली तर चॉप, एवढे डोळ्यांना कळते.) लोअरिंगमध्ये आतल्या माणसाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. चॅनल केलेल्या गाडीत नेहमीच्या उंचीची खुर्ची मावत नाही. जमिनीवर पाय लांब करून बसल्यासारखे बसावे लागते. त्यानुसार पेडलांची जागा बदलते आणि स्टिअरिंगच्या दांड्याचा कोनही बदलतो. १९२८ ते १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए मध्ये पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या पुढच्या भागातच असते; ती बॉडीबरोबर खाली येऊन गुडघ्यांवर बसते, म्हणून बहुतेक जण ती काढून मागे नेतात, आणि मग पेट्रोल उताराने न येता पंपाने आणावे लागते.

इंजिनाचेही तसेच. इंजिन आणि रेडिएटर फ्रेमवर बसतात, बॉडीवर नव्हे, त्यामुळे बॉडी ४ इंच खाली आली की बॉडीच्या तुलनेत ते दोन्ही ४ इंच वर गेले. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधली पत्र्याची भिंत, कापावी लागते, आणि बॉनेटची रेषा पुढे चढत जाते. ती सपाट करायची तर रेडिएटर बुटका करावा लागतो. १९३२ च्या फोर्डमध्ये आलेल्या २२१ घनइंचांच्या फ्लॅटहेड व्ही-८ च्या बाबतीत हे विशेष महाग पडते. त्या इंजिनाचा जळका वायू ब्लॉकमधून, पाण्याच्या जागेतून वाट काढत बाहेर पडतो, त्यामुळे ते मुळातच तापट आहे, आणि बुटका रेडिएटर त्याला कमी थंड करतो.

एवढ्यासाठी मी वर वेळेचा उल्लेख केला. ॲक्सल तिसऱ्या वर्षी बदलला तरी चालतो. पैसे येईपर्यंत मूळ ॲक्सलवर गाडी ढकलता येते. चॅनलिंगचा निर्णय मात्र आसन, पेडल, स्टिअरिंग, रेडिएटर, वायरिंग यांपैकी कशावरही एक रुपया खर्च करण्यापूर्वी व्हायला हवा, कारण या प्रत्येकाचे माप तळपत्र्याच्या आणि फायरवॉलच्या जागेवरून ठरते. अनेक जण सवलतीत मिळाला म्हणून रेडिएटर आधी घेतात, मनासारखी सीट शिवून घेतात, आणि दोन वर्षांनी बॉडी खाली घ्यायचे ठरवून या दोन्ही वस्तू अडगळीत टाकतात. कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींत आडवे-तिरपे लोखंडी आधार वेल्ड करून घ्यावेत. तळपत्रा सुटा झालेली बॉडी हा नुसता वाकणारा पत्रा असतो, आणि एकदा दाराच्या फटी बिघडल्या की त्या पुन्हा जुळवण्यात एक अख्खा हिवाळा जातो. सर्व भाग वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी तात्पुरते जोडून, आत प्रत्यक्ष बसून, पाय पेडलांपर्यंत नेऊन पाहिल्याशिवाय पक्के वेल्डिंग करू नये.

‘हायबॉय’ या शब्दाचीही याच गोंधळात माती होते. मडगार्ड काढलेली कोणतीही रोडस्टर, म्हणजे पक्के छप्पर नसलेली उघडी गाडी, ही हायबॉय असे सर्रास लिहिले जाते. हायबॉयमध्ये मडगार्ड नसतात हे खरे, पण बॉडी फ्रेमच्या माथ्यावर बसलेली असणे ही तिची खरी खूण आहे. ड्रॉप्ड ॲक्सल घालून नाक रस्त्याला टेकवले तरी ती हायबॉयच राहते. चॅनल केली की ती हायबॉय उरत नाही, मग ती कितीही उंच टायरांवर उभी असो. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तलावांवर धावणाऱ्या रोडस्टरांनी हायबॉयचे रूप प्रसिद्ध केले, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चॅनल केलेल्या गाड्यांची आवड अधिक रुजली.

माझे मत विचाराल तर मॉडेल ए खुशाल चॅनल करावी. तिची फ्रेम साधी आहे आणि मूळ गाडीत ती पायरीलगतच्या पत्र्याआड झाकलेलीच असे, तेव्हा ती बॉडीत लपली म्हणून काही गमावले जात नाही. १९३२ च्या फोर्डची, म्हणजे ‘ड्यूस’ची गोष्ट वेगळी आहे. तिच्या फ्रेमच्या बाहेरच्या अंगावर दाबून उठवलेली एक लांब वळणदार रेषा आहे, आणि ती दिसावी म्हणूनच उघडी ठेवलेली आहे. लोक ही फ्रेम मॉडेल ए च्या बॉडीखाली घालण्यासाठीसुद्धा धडपडतात, ते बऱ्याच अंशी याच रेषेसाठी. अशी फ्रेम मिळवून तिच्यावर बॉडी चॅनल करणाऱ्याने नेमकी तीच रेषा पत्र्याआड घातलेली असते. ड्यूस खाली हवी असेल तर ॲक्सल बदलावा आणि बॉडीला ग्राइंडर लावू नये.

पुढच्या वेळी कोणी चार इंच खाली घेतल्याचे सांगितले, तर दार उघडून तळपत्रा पाहावा. तो दाराच्या उंबऱ्याच्या पातळीला असेल तर गाडी लोअर केली आहे. उंबऱ्यापेक्षा चार इंच वर चढलेला असेल तर चॅनल केली आहे.