फ्रेडरिक विल्यम बर्टन यांची चित्रकला

बर्टन, फ्रेडरिक विल्यम (८ एप्रिल १८१६–१६ मार्च १९००). आयरिश चित्रकार. व्यक्तिचित्रे, लोकजीवनातील प्रसंगचित्रे आणि जुन्या काव्यांवर आधारलेली चित्रे यांसाठी प्रसिद्ध. त्यांचे जवळजवळ सगळे काम जलरंगात किंवा खडूत आहे. तैलरंगाकडे ते वळले नाहीत. पुढे वीस वर्षे ते लंडनच्या नॅशनल गॅलरीचे संचालक होते.

बर्टन यांचा जन्म आयर्लंडच्या पश्चिमेकडील क्लेअर काउंटीत, कोरोफिन येथे झाला. वडील हौशी निसर्गचित्रकार होते. १८२६ मध्ये कुटुंब डब्लिनला आले आणि तिथल्या डब्लिन सोसायटीच्या कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. हात बसला तो लघुचित्रांवर. तळहातावर मावेल एवढ्या चेहऱ्यात पापणीचा केसही दिसला पाहिजे, अशी ही कला. बर्टन यांनी पुढे कितीही मोठा कागद घेतला, तरी रंग लावण्याची त्यांची रीत लघुचित्रकाराचीच राहिली. बारीक कुंचल्याचे असंख्य टिंब आणि रेघा एकावर एक चढवत ते काम करीत. पातळ, पारदर्शक रंगावर पांढरा मिसळलेला दाट अपारदर्शक रंग, म्हणजे गुआश, चढवून ते कापडाला वजन आणि धातूला चकाकी आणत. १८३९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते रॉयल हायबर्नियन अकॅडमी या आयर्लंडच्या कलासंस्थेचे पूर्ण सभासद झाले.

त्यांना घडवण्यात सर्वांत मोठा वाटा जॉर्ज पेट्री यांचा. पेट्री स्वतः चित्रकार होते आणि आयर्लंडच्या पुराणवस्तूंचे जाणकार. त्यांच्यामुळे बर्टन कॉनेमारा आणि पश्चिम किनाऱ्याच्या भागात फिरले. तिथल्या कोळ्यांची घरे, बायकांचे लाल घागरे, चेहरे, हातापायांची ठेवण हे सगळे त्यांनी वह्यांमध्ये उतरवून घेतले. पवित्र झऱ्यापाशी आलेली आंधळी मुलगी हे चित्र याच काळातले. या मालिकेतले सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे ‘आरानच्या कोळ्याचे बुडालेले मूल’ (१८४१). आरान ही पश्चिम किनाऱ्याजवळची बेटे. मुलगा समुद्रात बुडाला आहे आणि त्याला घरात आणले आहे. तो आईच्या मांडीवर आडवा पडलेला आहे, बाप शेजारी उभा आहे, आणि भोवती विलाप करणाऱ्या बायका आहेत. मृताजवळ बसून सुरात शोक गाण्याची आयर्लंडमध्ये जुनी प्रथा होती आणि त्यात मुरलेल्या बायका असत. बर्टन यांनी तीच इथे दाखवली आहे. आईच्या मांडीवरचा मृत मुलगा पाहून युरोपातल्या कुणालाही क्रूसावरून उतरवलेला येशू आणि मेरी यांची आठवण होणारच. बर्टन यांनी ती धर्मचित्राची मांडणी एका कोळ्याच्या मातीच्या जमिनीवर आणून बसवली, आणि त्या घराला तेवढाच मान दिला. रॉयल आयरिश आर्ट युनियन या संस्थेने या चित्रावरून कोरून घेतलेले छापे १८४३ मध्ये आपल्या वर्गणीदारांना दिले, त्यामुळे ते अनेक घरांच्या भिंतींवर पोहोचले. मूळ चित्र आता डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये आहे.

या चित्रात समुद्र काय करून गेला ते आपल्याला कळते, पण समुद्राचे तांडव कुठेच नाही. बर्टन यांच्या बहुतेक महत्त्वाच्या कामाला हेच लागू पडते. घाव पडतो तो क्षण ते सोडून देतात. त्याच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण धरतात.

१८४० च्या दशकात ‘यंग आयर्लंड’ या राष्ट्रवादी गटातल्या टॉमस डेव्हिस यांच्याशी त्यांची मैत्री होती. या गटाच्या ‘स्पिरिट ऑफ द नेशन’ या गीतसंग्रहाच्या १८४५ च्या आवृत्तीसाठी मुखचित्र बर्टन यांनीच काढले. राजकारणात मात्र ते खोलवर उतरले नाहीत.

याच सुमारास डब्लिनमधल्या स्टोक्स कुटुंबाशी त्यांचा घरोबा जुळला होता, आणि बर्टन यांच्या चित्रांची गोष्ट या कुटुंबाला वगळून सांगताच येत नाही. घरातले कर्ते डॉ. विल्यम स्टोक्स हे डब्लिनचे नामवंत वैद्य. अत्यवस्थ रुग्णाचा श्वास खोल होत जातो, मग मंदावतो, थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. त्याला आजही डॉक्टर ‘चेन-स्टोक्स श्वसन’ म्हणतात, त्यातले स्टोक्स हेच. जून १८४९ मध्ये कवी जेम्स क्लॅरन्स मॅंगन मीथ रुग्णालयात वारले. दुष्काळ आणि पटकीचे दिवस होते आणि कवी अगदी विपन्नावस्थेत होता. डॉ. स्टोक्स यांनी बर्टन यांना बोलावून घेतले आणि बर्टन यांनी मृत कवीचा चेहरा कागदावर उतरवला. त्यातून त्या कवीचे जे रूप मागे राहिले ते शांत, मिटल्या डोळ्यांचे आहे. गरिबीची एकही खूण चित्रकाराने उगाच उगाळलेली नाही. माझ्या मते बर्टन यांच्या व्यक्तिचित्रांतले हे सर्वांत खरे चित्र आहे.

१८५१ मध्ये ते म्युनिकला गेले आणि सुमारे सात वर्षे त्यांचा मुक्काम जर्मनीत होता. बांबर्गच्या कॅथेड्रलमधली मिरवणूक, कबुलीजबाबासाठी थांबलेले फ्रँकोनियाचे शेतकरी अशी प्रसंगचित्रे तिथे झाली. वास्तू, वेशभूषा आणि मध्ययुगीन कला यांचा त्यांचा अभ्यास इथे पक्का झाला. १८५८ मध्ये ते लंडनला स्थायिक झाले. तिथल्या जलरंगकारांच्या जुन्या सोसायटीचे ते १८५६ पासूनच पूर्ण सभासद होते. १८७० मध्ये त्या सोसायटीत इंग्रज चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांच्या एका चित्रातील नग्नतेवरून वाद झाला आणि बर्न-जोन्स बाहेर पडले, तेव्हा त्यांची बाजू घेऊन बर्टन यांनीही राजीनामा दिला.

लंडनच्या या वर्षांतले सर्वश्रेष्ठ काम म्हणजे ‘बुरुजाच्या जिन्यावरील भेट’ (१८६४). विषय एका मध्ययुगीन डॅनिश पोवाड्याचा. त्याचा इंग्रजी अनुवाद विटली स्टोक्स यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केला होता. हे डॉ. स्टोक्स यांचे चिरंजीव. पुढे तेच हिंदुस्थानात आले, १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या मंडळात कायदे सदस्य होते, आणि १८८२ च्या दिवाणी व फौजदारी प्रक्रिया संहिता घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. कोर्टकचेरीच्या निमित्ताने त्या संहिता महाराष्ट्रातल्या घराघराला माहीत झाल्या. त्यांच्या कर्त्यानेच ही प्रेमकथा इंग्रजीत आणली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कथा अशी. राजकन्या हेलेलील हिच्या रक्षणासाठी वडिलांनी बारा वीर नेमलेले असतात. त्यांतल्या हिल्डब्रांडवर तिचे प्रेम बसते. वडील आपल्या सात मुलांना त्याला मारण्याची आज्ञा देतात. झुंजीत हिल्डब्रांड वडिलांना आणि सहा भावांना ठार करतो. धाकट्या भावाला तरी सोड, अशी ती त्याला नावाने हाक मारून विनवणी करते. लढताना नाव उच्चारले की वीराचे बळ जाते, अशी या जुन्या पोवाड्यांतली समजूत. तिच्या तोंडून त्याचे नाव निघते आणि तो घायाळ होऊन कोसळतो. इतका रक्तपात असलेल्या कथेतून बर्टन यांनी लढाईची एकही तलवार घेतली नाही. त्यांनी दोघांना शेवटच्या भेटीसाठी अरुंद, दगडी, वळणाच्या जिन्यावर आणले. तिने गडद निळा पायघोळ झगा घातला आहे आणि तोंड फिरवून भिंतीकडे केले आहे. साखळीचे चिलखत घातलेल्या त्याने तिचा हात धरला आहे आणि त्यावर चेहरा टेकला आहे. दोघांची नजर एकमेकांना भेटत नाही. पायरीवर फुलाच्या पाकळ्या पडल्या आहेत. जवळ जाऊन पाहिले तर चिलखताची कडी न् कडी वेगळी काढलेली दिसते, आणि त्या थंड लोखंडाच्या शेजारी निळ्या बाहीच्या चुण्या इतक्या मऊ वाटतात की स्पर्श कुठे होतोय ते डोळ्यांनाच कळते. कादंबरीकार जॉर्ज एलियट यांना हे चित्र फार आवडले होते. त्या वीराच्या चेहऱ्यावर त्यांना पूजाभाव दिसला. एलियट यांचे खडूतले प्रसिद्ध व्यक्तिचित्र बर्टन यांनी १८६५ मध्ये काढले. ते बर्टन यांनी स्वतः लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला दिले.

१८७४ मध्ये बर्टन नॅशनल गॅलरीचे संचालक झाले आणि त्यांनी चित्रे काढणे जवळजवळ थांबवले. तेव्हा ते सुमारे अठ्ठावन्न वर्षांचे होते. नोकरीत त्यांची नजर वाया गेली नाही: बॉतिचेल्लीचे ‘व्हीनस आणि मार्स’, लिओनार्दोचे ‘खडकातील मेरी’ (१८८०), राफाएलचे ‘अन्सिदेई मॅडोना’ (१८८५, सत्तर हजार पौंडांना), हॉल्बाइनचे ‘राजदूत’ (१८९०) ही सगळी चित्रे त्यांच्याच कारकिर्दीत संग्रहात आली. १८८४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तरीही त्यांनी चित्रे थांबवली याचे वाईट वाटते ते वाटतेच. इतक्या संथ हाताने काम करणाऱ्या माणसाची चित्रे मुळातच मोजकी होती. १८९४ मध्ये ते निवृत्त झाले. १९०० मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. दफन डब्लिनच्या माउंट जेरोम दफनभूमीत झाले.

‘बुरुजाच्या जिन्यावरील भेट’ तेव्हा मार्गारेट स्टोक्स यांच्या मालकीचे होते. या डॉ. स्टोक्स यांच्या कन्या, विटली यांच्या बहीण आणि आयर्लंडच्या प्राचीन कलेच्या अभ्यासक. त्याही १९०० मध्येच वारल्या, आणि मृत्युपत्राने चित्र डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहाला मिळाले. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये झालेल्या जाहीर मतदानात ते देशाचे सर्वांत आवडते चित्र ठरले. जलरंगाला उजेड मानवत नाही, रंग विटतात, म्हणून ते कपाटात बंद असते. आठवड्यातून ठरावीक तास कपाटाची दारे उघडतात, आणि तेवढ्या वेळेसाठी लोक आधीपासून येऊन थांबतात.