शहरातली जादू : तीन घराणी, तीन मापे

अर्बन फँटसीच्या मालिकांवरून होणारे बरेचसे वाद माप चुकल्यामुळे होतात. एकाला पुस्तकातले शहर आवडते. दुसरा ‘दोनशे पाने झाली तरी काही घडतच नाही’ म्हणून तेच पुस्तक खाली ठेवतो. दोघांचेही बरोबर असू शकते. आजचा काळ, ओळखीचे शहर आणि त्यात वावरणारी जादू किंवा अमानवी जीव, एवढीच या प्रकाराची सामाईक अट. त्या अटीखाली निदान तीन घराणी नांदतात. ती वेगवेगळ्या काळात उभी राहिली, आणि मालिका कुठे ढिली पडणार हे बहुधा तिच्या घराण्यावरून आधीच सांगता येते.

मुळे अमेरिकेतल्या स्वस्त मासिकांत आहेत. संपादक जॉन कॅम्पबेल यांचे ‘अननोन’ हे मासिक १९३९ ते १९४३ एवढेच चालले. पण त्यातच फ्रिट्झ लायबर यांनी १९४१ मध्ये भुताला पडक्या वाड्यातून काढून काजळीने माखलेल्या शहरात, रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या गच्च्यांवर आणून बसवले.

मालिकांचे पहिले घराणे मात्र १९८०च्या दशकातले. कॅनडात चार्ल्स डी लिंट; अमेरिकेत १९८६ पासून टेरी विंडलिंग यांचे ‘बॉर्डरटाउन’चे कथासंग्रह; १९८७ मध्ये एमा बुल यांची मिनियापोलिसमध्ये घडणारी कादंबरी. इथे शहर हेच मुख्य पात्र. वादक, चित्रकार, घर सोडून आलेली पोरे यांच्यात लोककथांमधले जीव मिसळलेले. पुस्तके नायकापेक्षा जागेने जोडलेली, म्हणून क्रम चुकला तरी फारसे बिघडत नाही. कथानक सैल असणे हा या घराण्याचा स्वभावच आहे, त्याचे गुण कापू नयेत. शहर पुसट निघाले तर मात्र हातात काही उरत नाही.

दुसरे घराणे गुप्तहेरकथेच्या पोटातून आले. १९९३ मध्ये लॉरेल हॅमिल्टन यांनी सेंट लुईसमध्ये, व्हँपायरांना कायद्याने मान्यता मिळालेल्या अमेरिकेत, आपली मालिका सुरू केली. २००० मध्ये जिम बुचर यांनी शिकागोत खासगी तपासाचा धंदा करणारा जादूगार आणला. ‘मी’च्या तोंडून निवेदन, दर पुस्तकाला एक प्रकरण, आणि मागे हळूहळू उलगडणारे मोठे कारस्थान. आज अर्बन फँटसी म्हटले की बहुतेकांना आठवते ते हेच, आणि याचे दोषही ठरलेले आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे ताकदीची महागाई. पहिल्या पुस्तकात नायक गल्लीतल्या एका पिशाच्चापुढे हतबल असतो. पुढे सरदार येतो, मग राजा, मग देव. प्रत्येक वेळी नायकालाही वर चढवावे लागते. आठव्या-नवव्या पुस्तकापर्यंत त्याने साधा खून शोधावा असे कारणच शिल्लक राहत नाही. दुसरा दोष ‘मी’चा. नायक जिथे नाही तिथले काही दिसत नाही, त्यामुळे दुय्यम पात्रे दोन पुस्तकांच्या मधल्या काळात बदलतात आणि वाचकाला त्याची नुसती बातमी मिळते.

तिसरे घराणे प्रणयाचे. २००१ ते २०१३ या काळात शार्लेन हॅरिस यांनी लुइझियानातल्या एका कल्पित छोट्या गावावर तेरा कादंबऱ्या लिहिल्या. म्हणजे या प्रकाराला महानगरच लागते असे नाही, चोपडा-शहाद्याएवढे गावही पुरते. इथले खरे कोडे ‘खुनी कोण’ नसून ‘ती कोणाजवळ राहणार’ हे असते. घराणे मध्येच बदलले की वाचक तुटतात. हॅमिल्टन यांची मालिका पुढे तपासाकडून प्रणयाकडे आणि शरीरसंबंधांकडे झुकली, तेव्हा जुन्या वाचकांचा मोठा गट नाराज झाला तो याचमुळे.

मॉस्कोतली सर्गेई लुक्यानेंको यांची मालिका (१९९८) थोडी वेगळी; तिचा कणा उजेडाच्या आणि अंधाराच्या अशा दोन पक्षांमधला तह आणि त्याची कलमे हा आहे. आणि २०११ मध्ये बेन आरोनोविच यांनी लंडनचा पोलीस शिपाई घेऊन पहिली दोन घराणी एकत्र केली. तिथे थेम्स आणि तिच्या उपनद्या हाडामांसाची माणसे होऊन हक्काच्या हद्दींवरून भांडतात.

मराठी वाचक या मालिकांकडे रिकाम्या हाताने येत नाही. १८६१ च्या ‘मुक्तामाला’ या कादंबरीपासून अद्भुताची सवय आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजारावर जाते, आणि नारायण धारपांनी (१९२५–२००८) ‘समर्थ’ हा नायक पुस्तकामागून पुस्तक चालवला. मात्र या दोघांची पुस्तके बहुतांशी सुटी वाचता येतात. ग्रंथालयात जी प्रत हाती लागेल ती घ्यायची, हा आपला शिरस्ता तिथेच घडला. दुसऱ्या घराण्याच्या मालिकेला तो मारक ठरतो. तिथे सातवे पुस्तक आधी वाचले तर पहिल्या सहांची रहस्ये फुटतात.

म्हणून मोजणी अशी करावी. पहिल्या घराण्याचे एक पुस्तक निकालाला पुरते. दुसऱ्याची तीन, तीही क्रमाने, कारण पहिले पुस्तक बहुधा लेखकाच्या उमेदवारीचे असते. बुचर यांचे चाहतेसुद्धा नव्या माणसाला तिसऱ्या-चौथ्यापर्यंत धीर धरायला सांगतात. तिसऱ्या घराण्याचा निवाडा नायिकेचा पहिला मोठा निर्णय होईपर्यंत राखून ठेवावा.

वाचताना वहीत तीन रकाने पाडावेत : नियम, किंमत, अपवाद. जादू कशी चालते, ती वापरणाऱ्याला काय मोजावे लागते, आणि लेखकाने नियम कुठे मोडला. तिसऱ्या पुस्तकाअखेर अपवादांचा रकाना नियमांपेक्षा लांब झाला असेल तर मालिका घसरली समजावी. चौथी नोंद पडद्याची. सामान्य लोकांना हे सगळे कळत कसे नाही? मोबाइल आल्यापासून हा प्रश्न टाळता येत नाही. आरोनोविच यांच्याकडे जादूने मायक्रोचिपची माती होते, बुचर यांचा जादूगार जवळ आला की नवी यंत्रे बंद पडतात. नुसती युक्ती सुचून भागत नाही. अडचणीच्या प्रसंगी नायकाचाच फोन सोयीने चालू राहिला, तर ती नोंद अपवादात जाते.

शहराची कसोटी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निर्दय. शहराचे नाव बदलून एक प्रकरण वाचावे. काहीच अडले नाही तर शहर हा फक्त नाटकातला मागचा देखावा होता. खान्देशात घडणारी मालिका कोणी लिहिली तर तीही यातून सुटणार नाही. गिरणा देवी म्हणून उभी केली, तर तिचे धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात आहे आणि पाणी मोठ्या प्रमाणात जळगावच्या पट्ट्यात येते, हे कथेत कुठेतरी बोचले पाहिजे. तिची ताकद आवर्तन सुटण्यावर अवलंबून असेल, तर नियम आणि किंमत दोन्ही आयतीच मिळतात. धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांत घडणारा पाठलाग भुसावळच्या रेल्वे यार्डात जसाच्या तसा उचलून नेता येत असेल, तर तो धुळ्याचा नव्हे. बोलीचेही तसेच. धुळ्याचे भूत अहिराणी बोलेल, यावल-भुसावळकडचे लेवा बोली. दोघांच्या तोंडी पुणेरी घातली की जाणता वाचक तिथेच थांबेल. आणि सातपुड्यातल्या अस्तंभा शिखरावरचा अश्वत्थामा घ्यायचा तर दिवाळीतली यात्रा आणि न भरणारी जखम हे नियम लोकांनी आधीच ठरवून ठेवले आहेत. त्यांत भर घालता येईल, खोडाखोड चालणार नाही.

विकत घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. आरोनोविच यांच्या पहिल्या कादंबरीचे ब्रिटिश नाव ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ आणि अमेरिकी नाव ‘मिडनाइट रायट’. एकच पुस्तक दोनदा घरी येऊ शकते. त्यांच्या मालिकेत कादंबऱ्यांमध्ये लघुकादंबऱ्या आणि चित्रकथाही आहेत, तेव्हा कव्हरवरच्या आकड्यापेक्षा प्रकाशनवर्ष पाहून क्रम लावावा. दुसरे, मालिका पुरी झाली आहे का. हॅरिस यांची झाली. बुचर यांच्या कादंबऱ्यांत मात्र २०१४ नंतर थेट २०२० पर्यंत खंड पडला, आणि त्या वर्षी एकापाठोपाठ दोन आल्या. त्या दोन्ही मिळून एकच कथा आहे. एक घेतली तर दुसरी सोबतच घ्यावी.