रुग्ण ठरवणारा आकडा: दीर्घकालीन आजारांच्या सीमारेषांची पार्श्वभूमी

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार ही नावं आज एका दमात घेतली जातात. पण यांतले काही आजार दीर्घकालीन झाले ते औषधं निघाल्यावर. त्याआधी त्यांना मुदतच फार थोडी होती. पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेलं मूल काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत जायचं, आणि अर्धपोटी ठेवणं हाच त्यावरचा उपचार मानला जायचा. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडात चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. तो त्यानंतर तेरा वर्षं जगला. मधुमेह गेला नाही, तो त्याच्यासोबत राहिला. १९६० मध्ये पुन्हा पुन्हा डायलिसिस करता येण्याची सोय झाल्यावर मूत्रपिंडाच्या रुग्णांचं असंच झालं. यंत्रं इतकी कमी होती की १९६२ मध्ये अमेरिकेत एका ठिकाणी कोणाला डायलिसिस द्यायचं हे सामान्य नागरिकांची समिती ठरवू लागली. १९९६ मध्ये एकत्रित औषधोपचार आले आणि एचआयव्हीही याच वाटेला लागला.

यांतल्या बऱ्याच आजारांत रुग्णाला आपण आजारी आहोत हे आधी कळतं, डॉक्टर नंतर सांगतात. रक्तदाबाचं उलटं आहे. काही दुखत नाही, खुपत नाही. यंत्रावरचा आकडा बघून कोणीतरी सांगतं, तेव्हा माणूस रुग्ण होतो. म्हणून आकडा कुठे ठेवायचा हा प्रश्न इथे सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात जास्त भांडणंही त्यावरूनच झाली आहेत.

वाढलेला रक्तदाब शरीराची गरज म्हणूनच वाढतो, तो उतरवणं धोक्याचं, असं मानणारे डॉक्टर १९४० च्या दशकापर्यंत बरेच होते. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली, आणि जास्त दाब असणाऱ्यांना हृदयविकार व पक्षाघात जास्त होतो हे त्यातून दिसत गेलं. दाब उतरवल्याने फायदा होतो याचा पुरावा १९६७ मध्ये आला, खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या पुरुषांबाबत. १९७० मध्ये त्याहून कमी दाबाच्या पुरुषांबाबतही आला. या चाचण्यांनी असंख्य माणसं वाचवली, याबद्दल वाद नाही. वाद पुढचा आहे. पुरावा आधी खूप वाढलेल्या दाबाचा होता, सीमा मात्र टप्प्याटप्प्याने खाली येत गेली.

१९७० च्या दशकात जागतिक पातळीवर १६०/९५ ही सीमा धरली जात होती. १९९९ पर्यंत ती १४०/९० झाली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका समितीने १२० ते १३९ या वरच्या आकड्याला ‘पूर्व-उच्चरक्तदाब’ ठरवलं. कालपर्यंत ज्यांना ‘तुमचं बीपी छान आहे’ असं सांगितलं जायचं, ते एका अहवालाने उंबरठ्यावर उभे राहिले. २०१५ मध्ये ९,३६१ जणांवरच्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं, की वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट धरलं तर हृदयविकाराच्या घटना आणि मृत्यू दोन्ही कमी होतात. दाब फार उतरणं, चक्कर येऊन पडल्यासारखं होणं, मूत्रपिंडाला इजा होणं या तक्रारी मात्र त्या गटात जास्त होत्या. शिवाय मधुमेह असलेले आणि आधी पक्षाघात होऊन गेलेले लोक त्या चाचणीत घेतलेच नव्हते.

तरी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सीमा १३०/८० वर आणली. तिथल्या प्रौढांपैकी उच्च रक्तदाब असलेल्यांचं प्रमाण अंदाजे ३२ टक्के होतं, ते ४६ टक्के झालं, आणि तेही कोणाचाही दाब तसूभर न वाढता. नव्याने या यादीत आलेल्या बहुतेकांना गोळी नको, आहार-व्यायाम पुरे, असं त्याच अहवालात म्हटलं होतं. त्याच देशातल्या कौटुंबिक डॉक्टरांच्या संघटनेने हा निर्णय मान्य केला नाही. युरोपने २०१८ मध्ये १४०/९० कायम ठेवलं. २०२१ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही औषध सुरू करण्याची सर्वसाधारण सीमा तीच राहिली. म्हणजे १३५/८५ दाबाचा एकच माणूस एका देशात रुग्ण आणि दुसऱ्या देशात निरोगी. २०२४ मध्ये युरोपनेही १२० ते १३९ साठी ‘वाढलेला दाब’ असा वेगळा गट केला.

सीमा खाली आणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही: लवकर कळलं तर लवकर सावरता येतं. पण नुसतं ‘तुम्हाला आजार आहे’ हे ऐकल्याने माणसाचं काय होतं, हा हिशेब या चर्चेत फार कमी वेळा मांडला जातो. तो १९७८ मध्येच समोर आला होता. कॅनडातल्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांचा रक्तदाब तपासला गेला. ज्यांना तो वाढल्याचं सांगितलं, त्यांची आजारपणाची रजा ८० टक्क्यांनी वाढली. त्याच काळात कारखान्यातल्या एकूण कामगारांची वाढली ती फक्त ९ टक्के. ज्यांना आपला आजार तपासणीतच पहिल्यांदा कळला, त्यांची रजा औषध सुरू झालं असो वा नसो, वाढलीच. म्हणजे हा गोळीचा दुष्परिणाम म्हणता येत नाही, बातमीचाच परिणाम म्हणावा लागतो. माझ्या मते २०१७ च्या वादात हा जुना अभ्यास टेबलावर सगळ्यात वर असायला हवा होता.

मधुमेहातही हेच झालं, कमी गाजावाजाने. उपाशीपोटी साखरेची सीमा १९९७ मध्ये १४० वरून १२६ झाली, आणि २००३ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या आधीच्या पायरीची सुरुवात ११० वरून १०० वर आली.

रुग्णाच्या बाजूने बघायला सुरुवात केली ती प्रामुख्याने समाजशास्त्रज्ञांनी. १९८२ मध्ये संधिवाताच्या रुग्णांशी बोलून एकाने मांडलं, की असा आजार माणसाच्या आयुष्याची गोष्टच मध्ये तोडतो: मी कोण, पुढे काय करणार, माझ्यावर कोण अवलंबून, सगळं नव्याने जुळवावं लागतं. १९८५ मध्ये आणखी दोघांनी दाखवून दिलं, की रुग्णाला तीन प्रकारची कामं करावी लागतात: आजाराचं, रोजच्या संसाराचं आणि स्वतःला सावरण्याचं. दवाखान्यात फक्त पहिल्याची चौकशी होते.

हे पहिलं कामही पुढे वाढतच गेलं. १९९३ च्या एका चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांत सिद्ध झालं, की साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा वाचतात. त्यासाठी दिवसातून तीन किंवा जास्त इंजेक्शनं किंवा पंप, चार वेळा बोट टोचून तपासणी, आणि साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग तिपटीने जास्त. फायदा खरा, पण त्यासाठी लागणारे कष्ट रुग्णाने घरी एकट्याने उपसायचे. २०११ मध्ये या आजारांवर न्यूयॉर्कमध्ये जागतिक नेत्यांची बैठक झाली. तिच्या पाठोपाठ ठरलेलं मुख्य उद्दिष्ट होतं अकाली मृत्यू २५ टक्क्यांनी कमी करण्याचं. जगणाऱ्यांचे दिवस कसे जातात, याला तसं ठळक उद्दिष्ट मिळालं नाही.

एकाच माणसाला चार-पाच आजार असले की हे नियम एकमेकांवर रचले जातात. २००५ मध्ये संशोधकांनी कागदावर ७९ वर्षांची एक बाई कल्पिली. तिला मधुमेह, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा, सांध्यांची झीज आणि फुफ्फुसांचा जुना विकार. प्रत्येक आजाराची मार्गदर्शक सूचना तंतोतंत पाळली तर तिला १२ औषधं, दिवसाला १९ मात्रा, पाच वेगवेगळ्या वेळांना घ्यावी लागत होती. २००९ मध्ये काही डॉक्टरांनी उपचारांच्या ओझ्यालाच मोजायची गोष्ट मानलं आणि रुग्णाच्या जगण्यात कमीत कमी ढवळाढवळ करणाऱ्या उपचारांची मागणी केली. २०१६ मध्ये ब्रिटनच्या बहुआजारांवरील मार्गदर्शक सूचनांत ती उतरली: आजाराचं ओझं विचारा, उपचाराचंही विचारा, आणि कुठलं औषध थांबवता येईल ते रुग्णासोबत ठरवा. कारणही तिथेच दिलं आहे. एकेका आजाराचे नियम ज्या चाचण्यांवरून बनतात, त्यांत एकाहून जास्त आजार असलेले रुग्ण बहुधा घेतलेलेच नसतात.