160 कोटी की साडेएकवीस कोटी? आयोवाच्या रस्त्यांच्या तुटीचे दोन आकडे

2011 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या परिवहन खात्याने रस्ते-निधीचा अभ्यास केला. पुढच्या वीस वर्षांत रस्त्यांना आणि पुलांना किती पैसा लागेल, हाती किती येईल आणि कमी किती पडेल, असा प्रश्न होता. उत्तरं दोन आली. सगळ्या गरजा भागवायच्या तर दरवर्षी 160 कोटी डॉलर कमी पडतील. फक्त अत्यावश्यक गरजा भागवायच्या तर 21.5 कोटी.

राज्य तेच, रस्ते तेच, अभ्यासही एकच, आणि एक आकडा दुसऱ्याच्या सातपटीहून मोठा. अशा वेळी वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी आकडा फुगवलाय, नाहीतर कुणीतरी दडवलाय. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ होतो तो दोघांना एकच नाव दिल्याने: ‘गरज’.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकतो. एकूण गरजेचा हिशोब करणारा अंथरुणाकडे बघतच नाही, तो फक्त पाय मोजतो. अत्यावश्यक गरजेचा हिशोब करणारा पाय किती दुमडले तरी झोप लागेल ते बघतो. म्हणूनच दुसऱ्या हिशोबात मोजमापाइतकाच निर्णयही असतो, आणि तो कुणाचा, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

आधी एकूण गरज. तिची रीत तशी सरळ आहे. राज्यातल्या प्रत्येक रस्त्याची लांबी, रुंदी, पृष्ठभाग, वय आणि वाहतूक यांची नोंद असते. तो रस्ता किती वर्षांत किती खराब होईल याचा अंदाज बांधतात, ठरलेल्या दर्जाच्या खाली तो कधी जाईल ते काढतात आणि तेव्हा करायच्या कामाला दर लावतात. असं वीस वर्षांसाठी, मैलामैलाला. आयोवात सार्वजनिक रस्ते एक लाख मैलांहून जास्त आणि पूल चोवीस हजारांच्या आसपास आहेत. जमिनीची मोजणी एक मैल बाजूच्या चौकोनांत झाली आणि रस्ते त्या चौकोनांच्या कडांवरून गेले. विमानातून बघितलं तर वहीचं चौकटीचं पान दिसावं तसं. तेव्हा चौकोनाचौकोनात कुटुंबं होती. आता शेतं मोठी झाली, कुटुंबं कमी झाली. रस्ते मात्र तेवढेच राहिले, आणि वाटेतल्या प्रत्येक ओढ्यावरचा पूलही.

या सगळ्या रीतीत एक शब्द जड आहे: ‘ठरलेला दर्जा’. रस्ता किती रुंद हवा, बाजूपट्टी किती, पुलाने किती भार पेलायला हवा हे आजच्या मानकांनुसार ठरतं. रस्ता बांधला तेव्हा ती मानकं नव्हती. त्यामुळे काल ठीकठाक चालणारा रस्ताही आज कागदावर ‘गरज’ होऊन बसतो.

एक पूल जवळून बघू. हा नमुन्याचा आहे, पण असे तिथे भरपूर. खडीचा रस्ता, खाली ओढा, लाकडी खांबांवर उभा जुना पूल, रुंदी जेमतेम अठरा फूट. दिवसाला पंचवीस-तीस गाड्या जातात. अमेरिकेत वीस फुटांपेक्षा लांब प्रत्येक सार्वजनिक पुलाची साधारण दर 24 महिन्यांनी तपासणी करावी लागते. 1967 च्या डिसेंबरात ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून 46 माणसं गेली, त्यानंतर ही देशव्यापी शिस्त आली. तपासनीस वरचा पृष्ठभाग, त्याखालचे गर्डर आणि खांब-पाया या तिन्हींना 0 ते 9 असे गुण देतो. यातला एक जरी 4 किंवा त्याखाली आला, तर पूल ‘वाईट’ गटात. आपल्या नमुन्याच्या पुलाचे खांब कुजायला लागलेत. त्यांना 4 मिळाले.

‘वाईट’ म्हणजे उद्या पडणारा नव्हे. पडणारा असेल तर तो बंदच करतात. बऱ्याचदा पुलाच्या तोंडाशी भारमर्यादेची पाटी लागते आणि मोटारी, पिकअप ट्रक जात राहतात. अडतो तो ऑक्टोबरातला मक्याचा ट्रक. धान्याने भरलेला मोठा ट्रक 80,000 पौंडांपर्यंत जातो. पाटीवर त्याहून कितीतरी कमी वजन लिहिलेलं असलं की चालक पुढच्या चौकातून वळतो आणि तीन-चार मैलांचा वळसा घेऊन धान्याच्या कोठाराकडे जातो. अशा दिवसाला दहा-पंधरा फेऱ्या, आणि सगळ्या भर सुगीत.

आता हाच पूल दोन्ही हिशोबांत घाला. एकूण गरजेत तो नक्की येतो. तिथे त्याला नवा, रुंद, पूर्ण भार पेलणारा पूल म्हणून धरतात आणि तसा खर्च लावतात. अत्यावश्यक गरजेत तो येईलच असं नाही. तिथे प्रश्न वेगळे विचारले जातात. वाहतूक किती? वळसा किती लांब? शाळेची बस इथून जाते का? शेजारचा पूल ट्रक पेलेल का? पंचवीस गाड्या आणि तीन मैलांचा वळसा म्हटल्यावर बहुधा पाटीवरच भागवलं जाईल. म्हणजे एका हिशोबात लाखो डॉलर, दुसऱ्यात एका पाटीची किंमत. तो वळसा मात्र कुणालातरी घ्यावाच लागतो. डिझेल, वेळ आणि टायर शेतकऱ्याच्या खिशातून जातात, आणि ती रक्कम सरकारच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. देशात ‘वाईट’ पुलांच्या संख्येत आयोवा अव्वल आहे. ते साधारण साडेचार हजार, बहुतेक काउंट्यांचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचे. त्यातले पुष्कळ याच जातीचे.

गरज कमी करायचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्यात खर्च जवळजवळ शून्य. आयोवाच्या कायद्यानुसार काउंटी एखाद्या रस्त्याची वर्गवारी ‘लेव्हल बी’ करू शकते. अशा रस्त्याची देखभाल किमान ठेवली जाते आणि तोंडाशी पाटी लागते: प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर. कोरड्या दिवसांत ट्रॅक्टर जातो, पावसात चिखल. त्या मैलाला खडी लागत नाही आणि बर्फ हटवायला कुणी तातडीने जात नाही. खोऱ्याने एक घमेलं माती न हलवता गरजेचा आकडा खाली आला! दर्जा बदलला की गरज बदलते, हे इतकं उघडं दुसरीकडे कुठे दिसत नाही. मला हा मार्ग वाईट वाटत नाही. जिथे एकही घर उरलेलं नाही, तिथे सपाट गुळगुळीत रस्त्याचा हट्ट कशाला? फक्त असा निर्णय झाल्यावर ‘गरज घटली’ म्हणू नये. आपण कमीवर समाधान मानलं, असं म्हणावं.

मग राज्याने कुठला आकडा धरला? फेब्रुवारी 2015 मध्ये आयोवाने इंधनकर गॅलनमागे 10 सेंटने वाढवला. 1989 नंतरची ही पहिली वाढ. गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड यांनी सही केली आणि 1 मार्चपासून कर लागू झाला. त्यातून वर्षाला अपेक्षित होते जवळपास 21.5 कोटी डॉलर. आकडा ओळखीचा वाटतो ना? साधा भागाकार केला तर एका सेंटमागे साधारण 2.15 कोटी येतात. त्याच हिशोबाने 160 कोटींची तूट भरायला करात 74 सेंटची वाढ लागली असती. त्याआधी तो कर होता वीस-बावीस सेंटांच्या आसपास. कुठल्या पक्षाचा आमदार यावर हात वर करेल? दहा सेंटवरच मतं जुळवताना नाकी नऊ येतात.

म्हणून मोठा आकडा निरुपयोगी, असं नाही. त्याचं काम वेगळं. आपण दरवर्षी किती मागे पडतो आहोत आणि आज पुढे ढकललेलं काम उद्या किती महाग होणार, हे तोच सांगतो. वेळेवर थर न टाकलेला रस्ता पुढे मुळापासून उखडून करावा लागतो. म्हणजे आज ‘अत्यावश्यक नाही’ म्हणून बाजूला ठेवलेलंच काम काही वर्षांनी अत्यावश्यक यादीत येतं, आणि तेही जास्त किमतीला. छोटा आकडा भरला तरी मोठा फुगत राहतो तो यामुळे. त्यात हा कर गॅलनवर आहे, किमतीवर नाही. डांबर आणि पोलाद महागलं तरी सेंट तेवढेच. केंद्राचा पेट्रोलवरचा कर तर 1993 पासून 18.4 सेंटवर थांबलेला आहे. महागाई वर्षाला तीन टक्के धरली तर वीस वर्षांत कामाचा खर्च 1.8 पट होतो. म्हणून असा कुठलाही आकडा वाचताना तो आजच्या डॉलरमध्ये आहे की त्या-त्या वर्षाच्या, हे आधी बघावं. बातमीत ते क्वचितच लिहिलेलं असतं.

आणखी एक गल्लत होते. अत्यावश्यक गरजेपुरता पैसा गोळा झाला म्हणजे अत्यावश्यक कामं झाली, असं लोक धरून चालतात. पण इंधनकर रस्ते-निधीत जमा होतो आणि तिथून ठरलेल्या वाट्याने वाटला जातो: 47.5 टक्के राज्याच्या महामार्गांना, 24.5 टक्के काउंट्यांच्या रस्त्यांना, 8 टक्के शेतापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यांना, 20 टक्के शहरांना. वाटा ठरतो सूत्राने, पुलाचे खांब किती कुजले यावर नाही. पुढे 99 काउंट्यांतला प्रत्येक अभियंता आपापली यादी करतो.

उरली सार्वजनिक वाहतूक, आणि तिच्यापुढे दोन्ही हिशोब अडखळतात. आयोवात सोळा प्रादेशिक बससेवा मिळून सगळ्या 99 काउंट्यांत पोचतात. ग्रामीण भागात त्या बहुतांशी आधी फोन करून बोलवायच्या छोट्या बसगाड्या असतात. रस्ता खराब झालेला डोळ्यांना दिसतो, त्याला गुण देता येतात. बस नव्हती म्हणून डायलिसिसला न गेलेली बाई कुठल्या गणतीत दिसणार? तिने फोनच केला नाही. चालू फेऱ्या मोजल्या की गरज कमी दिसते, आणि गाडी नसलेली सगळी माणसं मोजली की फार मोठी.

शिवाय रस्त्यांसाठी जमवलेला पैसा तिकडे वळवताच येत नाही. 1942 च्या दुरुस्तीनुसार आयोवाच्या राज्यघटनेत इंधनकर आणि वाहन नोंदणीचं शुल्क फक्त सार्वजनिक रस्त्यांसाठी राखलेलं आहे. दहा सेंटच्या वाढीतून बसला एक सेंटही जात नाही. राज्याची मदत येते ती नव्या वाहन नोंदणीवरच्या वेगळ्या शुल्कातून. त्याचे चार टक्के बससेवांना मिळतात. ज्या माणसाकडे गाडी नाही, त्याच्या बसला यंदा किती पैसे मिळणार हे इतरांनी यंदा किती गाड्या घेतल्या त्यावर ठरतं.