उंच टाकीचं भांडं आधी शहाणं झालं, पाय खूप नंतर

आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची, उंच टाकी डिझाइन करायला घेतली की आपण भांड्यासाठी आयएस 3370 हा भारतीय मानक कोड उघडतो, स्टेजिंगसाठी, म्हणजे भांडं ज्या पायांवर उभं असतं त्यांच्यासाठी, आयएस 11682 आणि भूकंपासाठी आयएस 1893 चा भाग 2, आणि वाटतं की हे सगळं कुणीतरी एकत्र बसून ठरवलंय. तसं अजिबात नाहीये. पहिला कोड 1965 चा, दुसरा 1985 चा आणि तिसरा थेट 2014 चा. हा फरक उगाच पडलेला नाही, इंजिनिअर लोकांचं सगळं डोकं आधी भांड्यावर खर्च झालं आणि ते भांडं ज्यावर उभं आहे त्या पायांकडे लक्ष जायला भूकंप व्हावे लागले.

भांड्याची सुरुवात लोखंडापासून होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि शहरांचा पाणीपुरवठा वाढला तशा लोखंडी उंच टाक्या उभ्या राहिल्या, त्यातल्या बऱ्याच टाक्यांचा तळ खाली फुगलेला, कडेला लटकवलेला असायचा. असा तळ कडेच्या रिंगला सतत आत ओढतो आणि खालच्या आधारावर नको ते आडवे जोर येतात. जर्मनीत आखेनला प्राध्यापक असलेल्या ओटो इंट्झे यांनी 1880 च्या दशकात यावर जो तोडगा काढला तो मला आजही या विषयातला सगळ्यात देखणा विचार वाटतो. त्यांनी आधाराची रिंग तळाच्या कडेवरून आत सरकवली, रिंगच्या बाहेर तिरका शंकूचा भाग आणि आत वर फुगलेला घुमट ठेवला. शंकू रिंगला आत ढकलतो, घुमट बाहेर ढकलतो, मापं नीट निवडली तर दोन्ही आडवे जोर एकमेकांना खाऊन टाकतात आणि रिंग बीमवर उरतो तो जवळजवळ फक्त उभा भार. ही कल्पना होती लोखंडी टाकीसाठी, पण काँक्रीटवाल्यांनी ती इतकी उचलली की आज इंट्झे टाकी म्हटलं की डोळ्यासमोर आरसीसीच येतं.

काँक्रीटकडची वाट फ्रान्समधून आली. जोसेफ मोनिए हा पेशाने माळी, त्याने 1867 मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं आणि पुढे पाइप, टाक्या असं करत गेला. म्हणजे आरसीसीच्या अगदी पहिल्या वापरातच पाणी धरून ठेवणं होतं.

पण पाणी धरायला काँक्रीट हा तसा अवघड माल आहे कारण ते ताणात कच्चं असतं. समजा 10 मीटर व्यासाची गोल टाकी आहे आणि पाणी 4 मीटर, तर तळाशी भिंत नुसती सरकू शकते असं धरलं तर हूप टेन्शन, म्हणजे भिंतीत गोल फिरणारा ताण, येतं उंचीच्या मीटरला साधारण 196 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास 20 टन. हे सगळं सळईने घ्यायचं, आणि तरी काँक्रीट तडकू द्यायचं नाही, कारण तडा गेला की आधी गळती आणि मग गंज. म्हणून जुन्या पद्धतीत काँक्रीटमधला ताणच मर्यादेत ठेवायचे, एम 20 या ग्रेडच्या (ताकदीच्या) काँक्रीटला थेट ताण 1.2 न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि सळईलाही मुद्दाम कमी स्ट्रेसवर राबवायचे. आयएस 3370 च्या 2009 च्या सुधारणेत लिमिट स्टेट पद्धत आली, म्हणजे मोडणं आणि तडे अशा मर्यादा वेगवेगळ्या तपासायच्या, तड्याची रुंदी 0.2 मिमी अशी सरळ सांगितली गेली आणि आरसीसीसाठी किमान ग्रेड एम 30 झाली.

आता पायांकडे. मे 1960 मध्ये चिलीत भूकंप झाले, त्यात काही मोठ्या उंच टाक्यांचं जबर नुकसान झालं आणि काहींना काहीच झालं नाही. भूकंप अभियंते जॉर्ज हाउसनर यांनी 1963 च्या लेखात याची उकल मांडली. बादली घेऊन चालताना वरचं पाणी हिंदकळतं आणि खालचं बादलीबरोबरच हलतं, तसंच टाकीत होतं, म्हणून पाण्याचे दोन हिस्से धरायचे, एक भिंतीबरोबर हलणारा आणि एक वेगळ्या, खूप संथ लयीत हिंदकळणारा. टाकी रुंद आणि उथळ असेल तर हिंदकळणारा वाटा मोठा.

आपल्याकडे मात्र आयएस 1893 च्या 1984 च्या आवृत्तीतही उंच टाकी म्हणजे वर एकच वस्तुमान असं धरलेलं होतं. माझ्या मते खरी अडचण त्याहून पुढची होती. टाकीला डिझाइनसाठी धरायच्या भूकंपाच्या बलात जवळपास तेवढीच सूट मिळत होती जेवढी चांगल्या डक्टाइल, म्हणजे एकदम न मोडता आधी वाकणाऱ्या, फ्रेमच्या इमारतीला मिळायची. इमारतीत भिंती असतात, भरपूर कॉलम असतात, एक गेला तर भार दुसरीकडे वळतो. बऱ्याच टाक्या ज्या एकाच पोकळ गोल खांबावर, म्हणजे शाफ्टवर, उभ्या असतात त्याला दुसरा आधारच नसतो, भिंत 150 ते 200 मिमीची, आणि सगळं वजन डोक्यावर.

1997 ला जबलपूरला शाफ्टच्या टाक्यांना बुंध्याजवळ आडवे तडे गेले. 26 जानेवारी 2001 ला भूजला तेच खूप मोठ्या प्रमाणावर दिसलं, शाफ्टच्या खालच्या भागात गोल फिरलेले तडे, आणि काही टाक्या तर कोसळल्याच. त्याच वेळी आग विझवायला, दवाखान्याला, लोकांना प्यायला पाणी लागतं, म्हणून हे नुकसान दुप्पट वाईट.

त्यानंतर आयआयटी कानपूरने गुजरातच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी मार्गदर्शक तत्त्वं केली, ती 2007 मध्ये आली, त्यात हाउसनर यांच्या वळणाचं दोन वस्तुमानांचं मॉडेल होतं आणि टाकीला मिळणारी सूटही कमी केली होती. 2014 मध्ये हा विचार आयएस 1893 च्या भाग 2 मध्ये अधिकृतपणे आला. त्याआधी बांधलेल्या टाक्या मात्र अजून पाणी भरून उभ्या आहेत, आणि त्यातली एखादी तपासायला मिळाली तर भांड्याच्या गळतीआधी शाफ्टची जाडी बघावी, सळईचा थर एक आहे की दोन ते बघावं, आणि फ्रेमची, म्हणजे कॉलमवर उभी टाकी असेल तर ब्रेस (कॉलमना जोडणारा आडवा बीम) जिथे कॉलमला मिळतो तिथल्या, उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचं अंतर मोजावं.