पूर्वी ओढलेला गांजा आणि अमेरिकेतला 'क्लिअरन्स'

अमेरिकेत सरकारी गुपितं हाताळणारी नोकरी हवी असेल, तर 'एसएफ-८६' हा शंभराहून अधिक पानांचा अर्ज भरावा लागतो. त्यातला २३वा विभाग अमली पदार्थांचा. गेल्या ७ वर्षांत बेकायदा काही घेतलंय का? पहिल्यांदा कधी, शेवटचं कधी, किती वेळा, आणि पुन्हा घ्यायचा विचार आहे का? तिथं जन्मलेल्या मराठी घरांतल्या मुलांनाही हे भरावं लागतं, कारण क्लिअरन्स, म्हणजे गुपितं हाताळण्याची सरकारी परवानगी, मिळतो तो अमेरिकी नागरिकांनाच.

या चौकशीचं मूळ १९५३ सालचं. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १०४५० क्रमांकाच्या आदेशात अमली पदार्थांच्या व्यसनाचा उल्लेख आला. १९७०च्या कायद्यानं गांजाला थेट हेरॉइनच्या पंक्तीत बसवलं. १९८६ मध्ये रेगन यांनी केंद्रीय कर्मचाऱ्यांना बजावलं, की कामाची वेळ संपल्यावरही नशा चालणार नाही.

गुंता वाढला तो राज्यांमुळे. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियानं औषधी गांजाला परवानगी दिली. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी हौसेखातर घेणंही कायदेशीर केलं. म्हणजे ओळखपत्र दाखवून, कर भरून, पावती घेऊन आणलेली पुडी राज्यात वैध आणि केंद्राच्या लेखी गुन्हा. दरम्यान २००८च्या 'बाँड दुरुस्ती' या केंद्रीय कायद्यातल्या बदलानं सध्या नशा करणाऱ्याला क्लिअरन्स देण्यास मनाई केली होतीच. २०१४ मध्ये गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांनीही स्पष्ट केलं, की राज्यांचे कायदे बदलले तरी निकष बदललेले नाहीत.

सूर मवाळ झाला तो डिसेंबर २०२१ मध्ये. संचालक एव्हरिल हेन्स यांनी कळवलं, की पूर्वीचा गांजा विचारात घ्यावा, पण तेवढ्यावरून निकाल लावू नये. किती वेळा घेतला आणि पुन्हा घेणार नाही याची खात्री पटते का, हे पाहावं. यापुढे हात लावणार नाही असं लेखी देणं अर्जदाराच्या बाजूनं धरलं जातं. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. कॉलेजातल्या दोन-चार झुरक्यांवरून माणसाची निष्ठा कळत नाही.

लपवाछपवीला मात्र आजही माफी नाही. 'जुनं कशाला उकरून काढतोस' हा घरचा सल्ला मायेपोटी येतो, पण तोच मुलांना सर्वात महागात पडू शकतो. खोटेपणा हे क्लिअरन्स नाकारण्याचं वेगळं, स्वतंत्र कारण आहे. शिवाय ज्या अर्जावर मुलगा सही करतो, त्यात जाणूनबुजून खोटं लिहिल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.